नमस्काराचें उत्तर

मुलें वडील माणसांस नमस्कार करीत नाहींत, अशी तक्रार घरोघरीं ऐकूं येते. परंतु नमस्कार घेणाऱ्याचेंही कर्तव्य असतें, हें आम्ही विसरतों. पाणिनीनें अष्टाध्यायीच्या ८ व्या अध्यायांत त्याचा नियमच घातला आहे: आशीर्वादाच्या शेवटीं वंदन करणाऱ्याचें नांव घेऊन अंत्य स्वर प्लुत, म्हणजे ३ मात्रांचा, उच्चारावा. वर्तमानपत्रांतून डोकें न काढतां ‘हूं’ म्हणणाऱ्या आजोबांपुढें नातू किती दिवस वाकेल?

त्याच सूत्रांत शूद्रांस मात्र वगळलें आहे. तो अपवाद आम्हीं टाकलाच पाहिजे. भांडीं घासावयास येणाऱ्या बाईंस घरांतील मोठीं माणसें एकेरींत हांक मारतील, तर मुलें ‘अहो’ कोठून शिकणार? आपण आधीं म्हणावें. मुलें मागाहून म्हणूं लागतात.