परक्या क्रेफिशचा युरोपच्या नद्यांना विळखा

युरोपातील नद्या, तळी आणि ओढ्यांत पूर्वापार नांदणारे स्थानिक क्रेफिश अनेक ठिकाणी नामशेष होण्याच्या मार्गावर आहेत. त्यांची जागा अमेरिकेतून आलेल्या त्यांच्याच भाऊबंदांनी घेतली आहे. हे भाऊबंद आपणहून आलेले नाहीत. माणसानेच त्यांना समुद्रापार आणले, आणि तेही बहुतेक वेळा नुकसान भरून काढण्याच्या हेतूने.

कोकण किनाऱ्यावर मिळणारी शेवंड लहान करून तिला खेकड्यासारख्या दोन नांग्या लावल्या, तर क्रेफिश कसा दिसतो याची कल्पना येते. हा गोड्या पाण्यात राहणारा कवचधारी प्राणी आहे. भारतात त्याची एकही मूळ जात नसल्याने मराठीत त्याला रूढ नाव नाही. युरोपात मात्र तो खवय्यांच्या आवडीचा आहे. स्वीडनमध्ये तर ऑगस्ट महिन्यात क्रेफिशच्या सामूहिक मेजवान्या झडतात.

या संकटाची सुरुवात १८५९-६० च्या सुमारास उत्तर इटलीत झाली. तेथील नद्यांत क्रेफिश अचानक मोठ्या संख्येने मरू लागले. 'अफॅनोमायसिस अस्टॅसी' या बुरशीसदृश सूक्ष्मजीवामुळे होणारा हा रोग 'क्रेफिश प्लेग' म्हणून ओळखला जातो. हा सूक्ष्मजीव मूळचा उत्तर अमेरिकेतील आहे. तेथील क्रेफिशचे शरीर त्याला कवचातच रोखून धरते. त्यामुळे रोग अंगात बाळगूनही ते सहसा धडधाकट राहतात. युरोपातील जातींमध्ये ही प्रतिकारशक्ती जवळजवळ नाही. रोग शिरला, की काही आठवड्यांतच एखाद्या ओढ्यातील सारे क्रेफिश मरून जातात. माणसाला मात्र या रोगाचा धोका नाही.

प्लेगने ओस पडलेली पाणवठ्यांची घरे पुन्हा भरण्यासाठी अमेरिकी जातींचा आधार घेण्यात आला. १८९० मध्ये तत्कालीन जर्मनीतील, आताच्या पोलंडमधील एका तळ्यात सुमारे शंभर अमेरिकी क्रेफिश सोडण्यात आले. स्वीडनमध्ये १९०७ मध्ये प्लेग पोहोचला. तेथे १९६० पासून कॅलिफोर्नियातील 'सिग्नल क्रेफिश' आणण्यास सुरुवात झाली. ही जात रोगाला बळी पडत नाही, एवढेच तेव्हा पाहिले गेले. ती स्वतःच रोगाची वाहक आहे, हे नंतर स्पष्ट झाले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, अशी गत झाली. स्थानिक क्रेफिशचे जे कळप पहिल्या तडाख्यातून वाचले होते, त्यांच्या दाराशीच रोग आणून ठेवला गेला.

इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकात मत्स्यशेतीसाठी सिग्नल क्रेफिश आले आणि शेततळ्यांतून निसटून नद्यांत शिरले. १९८० च्या दशकाच्या आरंभी तेथे प्लेगची नोंद झाली. तेथील पांढऱ्या नांगीच्या स्थानिक क्रेफिशची संख्या त्यानंतर वेगाने घटली. स्पेनमध्ये १९७३-७४ मध्ये लुइझियानातून आणलेल्या लाल क्रेफिशने ग्वादालक्विवीर नदीकाठची भातशेती आणि पाणथळ जमिनी व्यापल्या. ही हानी केवळ रोगापुरती नाही. परके क्रेफिश पाणवनस्पती, गोगलगायी, माशांची अंडी असे सारे फस्त करतात. काठात खोल बिळे पोखरल्याने दरडी ढासळतात आणि पाणी गढूळ होते.

सर्वांत चमत्कारिक प्रकार 'मार्बल्ड क्रेफिश'चा आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यास जर्मनीतील मत्स्यालयांच्या व्यापारात तो प्रथम आढळला. या जातीत नर नसतोच. मादी नराविना अंडी घालते आणि तिची पिल्ले हुबेहूब तिच्यासारखीच निपजतात. म्हणजे मत्स्यालयातून तळ्यात सोडलेली एकच मादी नवी वसाहत वसवू शकते.

युरोपीय महासंघाने २०१४ मध्ये परक्या उपद्रवी जातींविरुद्ध कायदा केला. २०१६ च्या पहिल्या यादीतील ३७ जातींमध्ये क्रेफिशच्या पाच जाती होत्या. त्यांची आयात, विक्री, पैदास आणि त्यांना निसर्गात सोडणे यांवर बंदी आहे. बर्लिनमध्ये २०१८ साली उद्यानांतील तळ्यांतून लाल क्रेफिश पकडून उपाहारगृहांना विकण्याची मुभा देण्यात आली. परंतु सापळ्यांत प्रामुख्याने मोठे क्रेफिश अडकतात, लहान मागे राहतात आणि पुन्हा वाढतात. एखाद्या मोठ्या नदीत स्थिरावलेली वसाहत समूळ उखडण्याचा खात्रीचा उपाय अद्याप हाती आलेला नाही.

म्हणूनच आता भर आहे तो उरलेले वाचवण्यावर. ब्रिटनमध्ये नद्यांपासून तुटलेल्या जुन्या खाणींच्या तळ्यांत स्थानिक क्रेफिश हलवून त्यांची 'आश्रयस्थाने' उभारली जात आहेत. रोगाचे बीजाणू ओल्या बुटांवरून, जाळ्यांवरून आणि होड्यांवरूनही पसरतात. त्यामुळे एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाण्यापूर्वी सारे साहित्य तपासावे, धुवावे आणि पूर्ण वाळवावे, असे आवाहन मासेमारांना व नौकाविहार करणाऱ्यांना केले जाते. दीडशे वर्षांपूर्वी शिरलेल्या रोगाला औषध नाही. जे ओढे अजून त्यापासून मुक्त आहेत, त्यांचे भवितव्य या साध्या खबरदारीवर अवलंबून आहे.