एका मिनिटाची चौकट

मे महिन्यात पुण्यात मुलांची चित्रपट शिबिरं भरतात. शिबिरात शिकवणारे वेगळे आणि आम्ही ताई-दादा वेगळे. शिकवणारे शॉट, लेन्स, पटकथा समजावून दुपारी निघून जातात. गट पाडणं, ‘दिग्दर्शक मीच’ यावरून पेटलेलं भांडण मिटवणं, रुसलेल्याला पुन्हा कॅमेऱ्यामागे उभं करणं, हे सगळं आमच्याकडे. कॉलेजात असताना मी हे काम धरलं, आणि नोकरी लागल्यावरही मे महिन्यातली रजा त्यासाठीच राखून ठेवली. इतक्या वर्षांत मुलं फारशी बदलली नाहीत. त्यांच्या हातातलं यंत्र बदललं आणि आमचं काम पार पालटलं.

सुरुवातीला मिनीडीव्ही कॅमेरा होता. गटाला साठ मिनिटांची एक टेप. तिच्यावरचं चित्रण संगणकात उतरवायला टेप चालेल तितकाच वेळ जायचा, त्यामुळे कुणी उगाच बटण दाबलं की गटातलेच ओरडायचे. शॉटआधी वाद व्हायचे, तालमी व्हायच्या, पंखे बंद केले जायचे. मग कोकीळ थांबेपर्यंत घामाघूम होऊन सगळे ताटकळत. तरी त्या काळातल्या बहुतेक फिल्ममध्ये कोकीळ ऐकू येतोच.

मग मोबाइल आले. ज्या मुलांच्या घरात कॅमेरा कधीच आला नसता, त्यांच्या हाती तो आला. याचं मोल मी कमी लेखणार नाही. पण एकेका प्रसंगाचे ढीगभर तुकडे जमू लागले. कुठला घ्यायचा हे कुणीच ठरवलेलं नसायचं. ठरवण्याची सगळी वेळ संकलनावर ढकलली जायची आणि तिथे मुलं कंटाळून जायची. सगळ्यांत हुशार मुलगी ‘ताई, तूच निवड ना’ म्हणायची, तेव्हा मला फार वाईट वाटायचं.

त्यावर उपाय सापडला तो ल्युमिएर बंधूंकडे. 1895 मधल्या त्यांच्या फिल्म जेमतेम पन्नास सेकंदांच्या, कॅमेरा एका जागी, कापाकापी नाही. फ्रान्समध्ये 1995 साली सुरू झालेल्या सिनेमाथेक या चित्रपट-संग्रहालयाच्या शालेय उपक्रमातही मुलं असं मिनिट चित्रित करतात. आम्ही नियम केला: मोबाइल तिपाईवर, शॉट एक, मिनिट एक, संधी एकदाच. लगेच जुने वाद परतले. कॅमेरा कुठे ठेवायचा यावर अख्खी सकाळ जाऊ लागली. एका मुलीने बसथांबा निवडला. बस कधी येते, लोक कुठून धावत येतात, हे आधी वहीत टिपलं, आणि तिच्या मिनिटाच्या अगदी शेवटी बस चौकटीत शिरली. शिबिरात मी पाहिलेलं सगळ्यांत देखणं काम ते.

फाळक्यांनी 1912 मध्ये वाटाण्याचं रोप वाढताना एकेक चौकट करत चित्रित केलं आणि ते पाहून भांडवल देणाऱ्याचा त्यांच्यावर विश्वास बसला, ही गोष्ट मी दरवर्षी सांगते. ऐकून एका गटाने मटकीला मोड येताना टिपायचं ठरवलं. रात्रभर दिवा चालू ठेवायची जबाबदारी अर्थात ताईची.

विषय मात्र खून आणि भुतांपासून सुटायला वेळ लागला. ‘किल्ला’ हा चित्रपट दाखवला तेव्हा फरक पडला. बर्लिनमध्ये 2014 साली त्याला क्रिस्टल बेअर देणारे परीक्षक मुलंच होती, हे कळल्यावर सगळे ताठ बसले. ‘आमच्याएवढी?’ असं तीनतीनदा विचारलं.

आपल्याकडे बालचित्र समिती 1955 पासून होती. 2022 मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. मुलांसाठीच्या चित्रपटांना निदान ते एक घर होतं. मुलांनी केलेल्या फिल्म मात्र शेवटच्या संध्याकाळी पालक पाहतात, टाळ्या वाजवतात आणि त्यानंतर कुणी पाहत नाही. हे मला मनापासून खुपतं. म्हणून येत्या मेमध्ये आधीच्या शिबिरांतल्या फिल्म निवडून दाखवायच्या आणि निकाल मुलांच्याच मंडळाने द्यायचा, असं ठरलं आहे. परीक्षकाचं वय जास्तीत जास्त पंधरा.