मुद्रित आवाज आणि संशोधनटिपण : लोकसाहित्याच्या क्षेत्रीय अभ्यासातील एक पद्धतिविचार

लोकसाहित्याच्या अभ्यासकाला क्षेत्रकार्यासाठी आज वेगळे ध्वनिमुद्रणयंत्र बाळगावे लागत नाही. खिशातील स्मार्टफोन ते काम करतो. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थीही गावी जाऊन आजीच्या तोंडच्या ओव्या, उखाणे, कहाण्या सहज मुद्रित करून आणतात. संकलनाची ही सुलभता स्वागतार्ह होय. तथापि या सुलभतेबरोबर एक नवी अडचण निर्माण झाली आहे. मुद्रण होते, पण ते पुन्हा सापडत नाही. सापडले तर कोणाचे व कोठले, हे सांगता येत नाही. आणि सांगता आले तरी त्याचे अभ्यासयोग्य टिपण झालेले नसते. प्रस्तुत लेखात जात्यावरच्या ओवीचे उदाहरण समोर ठेवून मुद्रित आवाजापासून संशोधनटिपणापर्यंतच्या वाटचालीचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका

मराठी ओवीच्या संकलनाची परंपरा प्रामुख्याने लेखणीची आहे. साने गुरुजींचा ‘स्त्री जीवन’ हा संग्रह, तसेच सरोजिनी बाबर यांच्या संपादनाखाली लोकसाहित्य समितीने प्रकाशित केलेले ग्रंथ यांमुळे ओवीचे शब्द टिकले. परंतु छापील पानावर चाल, विराम, पुनरावृत्ती आणि जात्याची घरघर येऊ शकत नाही.

ही उणीव भरून काढण्याचा मोठा प्रयत्न म्हणून हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी पुण्यातून उभारलेल्या ओवीसंकलन प्रकल्पाकडे पाहावे लागेल. १९८०च्या दशकात आरंभ झालेल्या या प्रकल्पात एक हजाराहून अधिक गावांतील एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. १९९०च्या दशकाच्या मध्यास बर्नार बेल हे फ्रेंच संगणक-संगीततज्ज्ञ या कार्यात सामील झाले आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण सिद्ध झाले. २०१७पासून ‘पारी’ या संकेतस्थळाने ही सामग्री शब्द, आवाज आणि गायिकेची माहिती यांसह वाचकांसमोर आणली.

या प्रकल्पाची थोरवी केवळ संख्येत नाही. प्रत्येक ओवीस क्रमांक, गायिकेचे नाव, गाव आणि विषयवर्ग यांची जोड आहे, हे त्याचे खरे बळ होय. मूळ संकलनानंतर दोन दशकांनी ‘पारी’च्या कार्यकर्त्यांना काही गायिकांच्या गावी पुन्हा जाता आले, ते या नोंदींमुळेच. नाव आणि गाव लिहिलेले नसते, तर ते आवाज निनावी राहिले असते. आजच्या फोनमधील असंख्य मुद्रणांपुढे नेमका हाच धोका उभा आहे.

मुद्रणाचा शोध

पहिला प्रश्न अगदी व्यावहारिक आहे : मुद्रण फोनमध्ये कोठे असते? आयफोनमधील ‘व्हॉइस मेमोज’ची मुद्रणे त्या अॅपमध्येच राहतात, ती बाहेर न्यायची तर तेथूनच पाठवावी लागतात. चुकून पुसलेले मुद्रण ‘अलीकडे हटवलेले’ या विभागात साधारणतः ३० दिवस मिळू शकते. अँड्रॉइड फोनमध्ये कंपनीनुसार जागा बदलते. २०२१च्या अँड्रॉइड १२ या आवृत्तीपासून ‘रेकॉर्डिंग्ज’ हे सामाईक फोल्डर आले. त्यापूर्वीच्या फोनमध्ये ‘साउंड्स’, ‘व्हॉइस रेकॉर्डर’ अशा निरनिराळ्या नावांखाली शोध घ्यावा लागतो.

व्हॉट्सअॅपवरून आलेल्या आवाजाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या फाइलनावात तारीख असते. मात्र पुढे पाठवलेल्या संदेशाच्या बाबतीत ती मुद्रणाची नसून संदेश फोनवर आल्याची असू शकते. त्याचप्रमाणे फाइल एका यंत्रातून दुसऱ्यात नेताना तिच्यावरची तारीखही बदलू शकते. म्हणून यंत्राने दिलेली तारीख हा दुय्यम पुरावा मानावा. मुद्रणाच्या आरंभी अभ्यासकाने स्वतःच्या आवाजात दिनांक, गाव, प्रसंग आणि उपस्थितांची नावे उच्चारणे, हा सर्वांत भरवशाचा उपाय होय. फाइलीचे नाव बदलले, तारीख पुसली गेली, तरी ही माहिती आवाजाच्या पोटातच राहते. गायिकेची संमती आणि तिचे नाव जाहीर करावे की नाही याविषयीची तिची इच्छाही तेथेच नोंदवावी.

नामकरण आणि जतन

‘नवीन मुद्रण १२’ किंवा ‘व्हॉइस ००७’ या नावांनी काही दिवसांतच काहीही बोध होत नाही. फाइलनावात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने दिनांक, नंतर गाव, गायिकेची खूण आणि अनुक्रम असावा. जसे, २०२४-०१-१४, गाव, ग३, ०२. वर्ष आधी लिहिल्याने फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. गायिकेचे पूर्ण नाव फाइलनावात न घालता स्वतंत्र नोंदवहीत ठेवणे इष्ट, कारण फाइल हातोहात फिरते.

मूळ मुद्रणाला कात्री लावू नये. नको असलेला भाग कापणे, आवाज स्वच्छ करणे ही कामे प्रतीवर करावीत. मधेच आलेले सुनेशी बोलणे, कोंबड्याचे आरवणे, ‘पुढचं आठवत नाही’ असे म्हणून थांबणे हे आज निरुपयोगी वाटले तरी ओवीच्या स्मरणप्रक्रियेचा तोच पुरावा ठरू शकतो. ओवी अनेकदा हाताच्या गतीशी बांधलेली असते; जाते फिरू लागले की विसरलेली ओळ ओठांवर येते. घरोघरचे दळण गिरणीकडे गेल्यानंतर हा प्रसंगच दुर्मीळ झाला आहे. लग्नातील हळद दळण्याच्या विधीत तो अद्याप क्वचित आढळतो.

साठवणीचा हिशेबही ध्यानी घ्यावा. एका तासाचे संक्षेप न केलेले द्विमार्गी मुद्रण सुमारे ६०० मेगाबाइट, तर फोनमधील नेहमीच्या संक्षिप्त स्वरूपाचे सुमारे ६० मेगाबाइट जागा घेते. शक्य तेथे पहिले स्वरूप निवडावे आणि किमान दोन ठिकाणी प्रती ठेवाव्यात. व्हॉट्सअॅपवर आवाज म्हणून पाठवण्याऐवजी फाइल दस्तऐवज म्हणून पाठवली तर मूळ प्रत जशीच्या तशी पोहोचते.

लिप्यंकन : तीन स्तर

आवाज लिपीत उतरवणे हे या प्रक्रियेतील सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत जोखमीचे काम होय. एका तासाच्या मुद्रणास अनेक तास लागतात. ते तीन स्तरांवर करणे सोयीचे ठरते.

पहिला स्तर यथाश्रुत लेखनाचा. गायिका ‘पानी’ म्हणाली तर ‘पानी’च लिहावे, ‘न्हाई’चे ‘नाही’ आणि ‘व्हता’चे ‘होता’ करू नये. ओळींची पुनरावृत्ती आणि ‘गं बाई’सारखी भर गाळू नये. या शब्दांचे काम केवळ पादपूरणाचे नसते; पुढची ओळ आठवेपर्यंत गायिकेला त्या अवसर देतात. दुसरा स्तर पाठाचा. येथे पुनरावृत्ती वगळून ओवीचे मूळ चरण मांडता येतात. तिसरा स्तर अर्थाचा : अपरिचित शब्द, नातेवाचक संज्ञा, स्थळे आणि गायिकेने स्वतः दिलेले स्पष्टीकरण. हे तिन्ही स्तर एकाच परिच्छेदात मिसळले, तर गायिका कोठे बोलते आणि अभ्यासक कोठे, हे कळेनासे होते.

देवनागरीच्या मर्यादाही येथे जाणवतात. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील ‘च’ भिन्न असूनही एकाच अक्षराने लिहिला जातो. ‘जात’ हा शब्द ज्ञातिवाचक की क्रियावाचक, हे उच्चारात कळते, लेखनात नाही. म्हणूनच प्रत्येक ओवीपुढे मुद्रणातील तिची वेळ, उदाहरणार्थ १२:४०, लिहावी. शंका आली की वाचकाला त्या क्षणाच्या आवाजाकडे परतता आले पाहिजे. नेदरलँड्समधील माक्स प्लांक मानसभाषाविज्ञान संस्थेने विकसित केलेली ‘ईलान’ ही विनामूल्य प्रणाली असे स्तर आणि वेळा एकत्र बांधण्यास उपयुक्त आहे. साध्या वहीतही हे साधते.

यंत्राचे साहाय्य आणि त्याची सीमा

गूगलचे मराठी श्रुतलेखन २०१७मध्ये सुरू झाले. २०२२मध्ये आलेल्या ‘व्हिस्पर’ या प्रणालीतही मराठीचा अंतर्भाव आहे. मुलाखतीचा कच्चा मसुदा करण्यास, तासाभराच्या मुद्रणात एखादा विषय कोठे आला हे शोधण्यास ही साधने निश्चितच उपयोगी आहेत. परंतु ती संभाव्य शब्द निवडत असल्यामुळे त्यांचा कल रूढ रूपाकडे असतो. बोलीतील शब्दाचे ती प्रमाणीकरण करतात. गाण्यात लांबलेला स्वर त्यांना दुर्बोध होतो. शांततेत वा गोंगाटात कधी कोणी न उच्चारलेली वाक्येही ती लिहून मोकळी होतात.

यंत्राची ही चूक अधिक घातक ठरते, कारण ती चुकीसारखी दिसत नाही. अडखळलेला मजकूर पाहून वाचक सावध होतो. नितळ प्रमाण मराठी पाहून होत नाही. सरावल्या हाताने बोली ‘सुधारणारा’ संपादक जे करतो, तेच यंत्र विनासायास करते. शिवाय अनेक सेवांमध्ये मुद्रण दूरच्या संगणकावर पाठवले जाते. गायिकेने दिलेली संमती तेवढी व्यापक आहे काय, याचा विचार आधी व्हावा.

टिपण आणि वर्गीकरण

लिप्यंकन म्हणजे टिपण नव्हे. टिपणात निवड असते, संबंध असतात. एका ओवीचे एक टिपण, ही मर्यादा पाळणे हितावह. त्यात क्रमांक, मुद्रणाचे नाव आणि वेळ, गायिकेची खूण, गाव, प्रसंग, पाठ, विषय आणि अभ्यासकाचे भाष्य अशी स्वतंत्र घरे असावीत. विषयसूची आधी ठरवून ओव्या तिच्यात कोंबू नयेत. भाऊ-बहीण, माहेर-सासर, पंढरीची वारी हे वर्ग परिचित आहेत. परंतु बहिणीच्या तक्रारीत हिश्श्याच्या जमिनीचा उल्लेख असेल, तर केवळ ‘बंधुप्रेम’ या शीर्षकाखाली ती नोंदल्यास तिचा निम्मा आशय हरवतो. एका ओवीस एकाहून अधिक विषय देता यावेत. शक्य असेल तेव्हा टिपण गायिकेला वाचून दाखवावे. तिची दुरुस्ती मूळ पाठावर न गिरवता तारखेसह शेजारी लिहावी.

समारोप

मुद्रण, शोध, नामकरण, लिप्यंकन आणि टिपण ही एकच साखळी आहे. तिचा कोणताही दुवा तुटला तर मागे उरतो तो निनावी आवाज किंवा आवाजाविना उरलेला मजकूर. ज्या स्त्रियांनी ही रचना पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्यांची नावे लिखित वाङ्‌मयाच्या इतिहासात फारशी नोंदली गेली नाहीत. ती नोंदण्याचे साधन आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती आहे. मुद्रण झाले त्याच संध्याकाळी फाइलीला नाव देणे आणि नोंदवहीत चार ओळी लिहिणे, एवढ्या श्रमावर ते साधन सार्थ ठरेल की नाही, हे अवलंबून राहील.