सकाळची फुले त्याच दिवशी बाजारात

नवरात्रात माहूरच्या रेणुकादेवीस, दसऱ्याला दारोदारच्या तोरणांस आणि महाशिवरात्रीस लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत फुलांचा मोठा खप होतो. परंतु दसरा उलटला की त्याच झेंडूस कोणी विचारीत नाही. म्हणून लागवडीची तारीख सणावरून मागे मोजून ठरवावी. झेंडूचे रोप वाफ्यात सुमारे २५ दिवस राहते व पुनर्लागणीनंतर सुमारे ६० दिवसांनी तोडणीस येते.

तोडणीच्या आदल्या दिवशी हलके पाणी द्यावे. झेंडू पूर्ण उमललेला, मोगरा मात्र कळी असतानाच, ऊन चढण्यापूर्वी तोडावा. तोडलेले फूलही श्वसन करीत असते. ढीग घातल्यास ऊब कोंडून पाकळ्या काळवंडतात. यास्तव फुले सावलीत पातळ पसरून दव निथळू द्यावे व मग बांबूच्या करंडीत भरावीत. पोत्यात दाबून भरण्याची चाल स्वस्त वाटते खरी. पण तळचा माल हार करण्याच्या कामाचा राहत नाही.

नांदेडच्या अथवा लातूरच्या फुलवाल्याशी भाव व वेळ आधीच ठरवावी. ग्रामसेवकांनी चार-पाच शेतकऱ्यांचा माल एकाच वाहनाने सकाळी रवाना करण्याची व्यवस्था लावून द्यावी. वजन शेतावरच करून त्याची चिठ्ठी प्रत्येक करंडीत ठेवावी.