ध्यानीमनी नसलेला खर्च

सुरतेची लूट आपण शाळेतच शिकतो; तिच्यामागचा हिशेब मात्र फारसा कुणी सांगत नाही. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज आले तेव्हा सुभेदार इनायतखान पाचशे शिपायांचा पगार मोगल खजिन्यातून उचलत होता. शिपाई बहुतेक कागदावरच. खान किल्ल्यात जाऊन बसला आणि शहर उघडं पडलं. तरतूद होती, पण जागेवर नव्हती.

आजच्या सुरतेचा कायदा आपल्या घरातलाच आहे. महापालिका १९६६ ची, पण तिला लागू झाला तो १९४९ चा मुंबई प्रांतिक महापालिका कायदा. पुणे, ठाणे, नाशिकही त्याच कायद्यावर चालतात. नावं तेवढी पुढे बदलली. मूळ कायदा म्हणतो, अंदाजपत्रकात वर्षाअखेर किमान एक लाख रुपये शिल्लक राहतील असं बघा. तेव्हा ही रक्कम मोठी होती. आज तेवढ्यात एक नालाही धड साफ होणार नाही.

अचानक उद्भवणाऱ्या खर्चाची खरी सोय आहे याच कायद्याच्या कलम ६७(३)(क) मध्ये. माणसांच्या जिवाला धोका असेल किंवा पालिकेच्या मालमत्तेचं मोठं नुकसान होणार असेल, तर आयुक्तांनी आधी काम उरकावं. मग स्थायी समितीला आणि महापालिकेला ताबडतोब कारणं सांगावीत, अंदाजपत्रकात न बसणारा खर्चही कळवावा. कोविडमध्ये पुणेकरांच्या कानावर 'सदुसष्ट-तीन-क' पडलं, ते हेच.

पण अधिकार एकट्या आयुक्तांच्या टेबलावर राहिला, तर तो गल्लीपर्यंत पोचायला उशीर होतो. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेच्या वेड रोड भागात प्लेगची बातमी फुटली आणि लाखो लोकांनी शहर सोडलं. त्यांत पोटापाण्यासाठी आलेले खानदेशी कामगारही होते. मे १९९५ मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी शहराचे सहा झोन केले, झोनप्रमुखांना खर्चाचेही अधिकार दिले आणि अधिकाऱ्यांना रोज रस्त्यावर उतरवलं. माझ्या मते त्यांचं मोठं काम झाडूपेक्षा या सहीच्या अधिकाराचं. १९९६ मध्ये 'इन्टॅक' या संस्थेनं सुरतेला चंडीगडखालोखाल स्वच्छ शहर ठरवलं.

ऑगस्ट २००६ मध्ये परीक्षा आणखी कठीण होती. उकाई धरणातून सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत पाणी तापीत सुटलं आणि जवळजवळ तीन चतुर्थांश शहर बुडालं. पण तेव्हा जकात होती. पाणी ओसरलं, रस्ते खुले झाले, की नाक्यावर पुन्हा रोख पैसा जमा होणार हा भरवसा होता. नोव्हेंबर २००७ मध्ये गुजरातनं जकात उठवली. व्यापाऱ्यांचा जाच गेला हे खरंच. पण शहराची हातातली रोकडही गेली, आणि त्या बदल्यात राज्याच्या अनुदानाकडे डोळे लावणं आलं. सहीचा अधिकार पालिकेत आणि पैशाची चावी गांधीनगरला, ही व्यवस्था संकटात कच्ची ठरते. आपल्याकडे महाराष्ट्रातही जकात आणि एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेल्यावर वेगळं काही घडलेलं नाही.

म्हणून यंदा आपल्या महापालिकेचं अंदाजपत्रक मांडलं जाईल, तेव्हा नगरसेवकांना एवढं जरूर विचारा: गेल्या वर्षी ६७(३)(क) खाली किती खर्च झाला, आणि त्याचा अहवाल सभेपुढे कधी आला?