बांधावर रानफुले का व कशी लावावीत?



"आपला ऊस कांडीवर येतो, त्याला मधमाशी काय करायची?" असे कोणी विचारले तर ते खोटे नाही. पण आपण नुसता ऊस करत नाही. खोडवा मोडला की त्याच रानात दोडका, काकडी, कलिंगड होते. कोणी कांद्याचे बी धरतो, कोणी वांगी करतो. या पिकांना माशी-भुंग्याचा हात लागतो.

दोडक्याचे नर फूल वेगळे, मादी फूल वेगळे. पराग पोचला नाही तर मादी फूल गळते, नाहीतर फळ वाकडे होते. कांद्याच्या गोंड्यात फुलाचा पराग आधी झडतो, स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. म्हणून पराग दुसऱ्या फुलावरून आणावा लागतो. वांग्याचा पराग पुंकेसराच्या टोकाच्या छिद्रातून निघतो. काळा भुंगा फूल धरून गुणगुणतो, त्या थरथरीने तो झडतो. मधमाशीला हे जमत नाही.

पीक महिना-दीड महिना फुलते, माशीला मात्र वर्षभर पोट आहे. उसाच्या फडात तिला चारा नाही. तो बांधावर मिळायचा; तोच बांध आपण तणनाशक मारून बोडका करतो, आणि मग फळ धरत नाही म्हणून औषधाच्या दुकानात जातो!

यासाठी आपल्याच मातीतली ही चार झाडे पुरेत :

१) तरवड – घटाच्या माळेचे पिवळे फूल. पाण्यावाचून तगते, गुरे सहसा तोंड लावत नाहीत. भुंग्याचे हक्काचे खाद्य.

२) उन्हाळी – जांभळ्या फुलांचे, शेंगवर्गातले. मुळावरच्या गाठी जमिनीला नत्र देतात.

३) तुंबा (द्रोणपुष्पी) – पांढरे फूल, मधासाठी माशांची गर्दी.

४) तेरडा – पाटाकडेच्या ओलाव्याला.

बी विकत घ्यायला नको. शेंगा वाळल्या की माळावरून गोळा करावे. तेरड्याचे बोंड हात लावताच फुटते, म्हणून फुटण्याआधी फडक्यात धरावे. तरवड व उन्हाळीचे बी कठीण कवचाचे. पाणी उकळून खाली उतरवावे, त्यात बी टाकून रात्रभर ठेवावे; फुगलेले बी पेरावे, न फुगलेल्याला पुन्हा तसेच करावे. पहिला चांगला पाऊस झाला की अर्धा इंच खोल टोकावे. तरवडात तीन-चार फूट अंतर ठेवावे. तुंब्याचे बी बारीक. वाळूत मिसळून वरच्यावर फेकावे, मातीआड करू नये.

"बांधावर रान माजलं की उंदीर होतात," ही तक्रार रास्त आहे. म्हणून झाडे एका ओळीत ठेवावीत, बुडखा मोकळा ठेवावा. सरीत उगवलेला तुंबा खुरपून काढावा. गाजर गवत मात्र फुलण्याआधीच उपटावे. काही माश्या जमिनीत बिळे करतात, त्यांच्यासाठी बांधाचा एक तुकडा न खणता सोडावा. पिकावर फवारणी करायचीच झाली तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी करावी.

ज्यांना सातेरी माशीच्या पेट्या ठेवायच्या आहेत, त्यांच्यासाठी पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. पण पेटी आणण्याआधी चारा हवा.

सगळ्या शिवाराचा विचार नंतर करू. यंदाच्या पावसाळ्यात प्रत्येक सभासदाने एक बांध तणनाशकाविना ठेवावा व त्यावर मूठभर बी टाकावे, एवढीच आमची विनंती.