नवतप्यातलं ग्राफिक्स कार्ड : ५०९०, ५०८० की ९०७० एक्सटी?

ग्राफिक्स कार्डांवर बोला, असं बरेच दिवस तुमचं सांगणं होतं. प्रश्न बहुतेकांचा एकच असतो : ५०८० घेऊ की ५०९०? की एएमडीचं ९०७० एक्सटी घेऊन पैसे वाचवू? विचारणारा कुणी अहिवाऱ्यातला असतो, कुणी भिलाईच्या सेक्टरमधल्या क्वार्टरातला, कुणी दुर्ग-राजनांदगावचा. पण तो जे तक्ते बघून ठरवतो ते परदेशातल्या, २२-२३ अंशांच्या खोलीत काढलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत जातो. कार्ड तेच, गेम तोच, खोली वेगळी. म्हणून आज मी फ्रेमच्या आकड्याइतकाच वॅटचा आकडा बघणार आहे.

आधी मैदानात कोण कोण आहे ते बघू. एनव्हिडियाची ५० ची मालिका जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाली. सगळ्यात वर आरटीएक्स ५०९० : ३२ जीबी मेमरी, २१,७६० कोअर, ५७५ वॅट. त्याखाली ५०८० : १६ जीबी, १०,७५२ कोअर, ३६० वॅट. मग ५०७० टीआय : १६ जीबी, ८,९६० कोअर, ३०० वॅट. भारतासाठी सुरुवातीला जाहीर झालेल्या किमती होत्या अनुक्रमे २,१४,०००, १,०७,००० आणि ८०,००० रुपये. दुकानात हा भाव मिळेलच असं नाही. ५०९० तर या भावाला मिळालं तर नशीबच म्हणायचं. पण आपसातलं प्रमाण समजायला हे आकडे पुरतात. एएमडीने या पिढीत अगदी वरच्या पायरीवर उतरायचंच नाही असं ठरवलं आणि मार्च २०२५ मध्ये आरएक्स ९०७० एक्सटी आणलं : १६ जीबी, ३०४ वॅट, अमेरिकेतली किंमत ५९९ डॉलर. तिथे ५०७० टीआयची किंमत ७४९ डॉलर होती.

आता ५०८० आणि ५०९० शेजारी ठेवा. किंमत दुप्पट, कोअर दुप्पट, मेमरी दुप्पट. फ्रेम मात्र दुप्पट मिळत नाहीत. ४के पडद्यावर साधारण दीडपट मिळतात. १४४० पिक्सेलच्या पडद्यावर हा फरक आणखी कमी होतो आणि १०८० वर तर बऱ्याच गेममध्ये जवळजवळ पुसला जातो. कारण तिथे कार्ड मोकळं बसलेलं असतं आणि प्रोसेसर धावून धावून दमलेला असतो.

पडद्याचा हिशेब कागदावर मांडून बघा. १०८० च्या पडद्यावर सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके, १४४० वर ३६ लाख ८६ हजार, ४के वर ८२ लाख ९४ हजार. म्हणजे ४के ला १०८० च्या बरोबर चौपट ठिपके दर फ्रेमला रंगवायचे. ज्याच्याकडे अजून १०८० चा पडदा आहे त्याने ५०९० घेणं म्हणजे गल्लीतल्या किराणा दुकानात जायला ट्रक काढणं. आधी पडदा बदला, मग कार्डाचं बोलू.

जाहिरातीतल्या फ्रेमबद्दलही सावध राहायला हवं. ही मालिका जाहीर करताना एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी लास व्हेगासमध्ये सांगितलं होतं की ५४९ डॉलरचं ५०७० आता ४०९० इतकं काम देईल. ४०९० मध्ये १६,३८४ कोअर आणि २४ जीबी मेमरी. ५०७० मध्ये ६,१४४ कोअर आणि १२ जीबी. मग हे जुळतं कसं? डीएलएसएस ४ मुळे. कार्ड एक फ्रेम खरोखर काढतं आणि पुढच्या तीन अंदाजाने तयार करून मध्ये घालतं. डोळ्याला हालचाल मऊ दिसते, तक्त्यात आकडा चढतो. पण तुम्ही माउस हलवलात तर त्याचा परिणाम खऱ्या फ्रेममध्येच येतो. खऱ्या फ्रेम सेकंदाला ३० असतील, तर पडद्यावर १२० दिसूनही हाताला मात्र ३० चाच जडपणा जाणवतो. मुळात ५०-६० खऱ्या फ्रेम येत असतील तर ही सोय छान आहे, मी स्वतः वापरतो. पण दोन कार्डांची तुलना करताना आधी ती बंद ठेवलेला तक्ता बघा आणि तोच खरा माना.

आता मूळ मुद्दा, उष्णतेचा.

कार्ड जेवढी वीज खातं तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन तुमच्या खोलीत येते. वीज चित्रात जात नाही, आवाजात जात नाही. जी काही जाते ती खोली तापवायला. ५०९० चे ५७५ वॅट, त्यात प्रोसेसर, बाकीचा संच आणि पडदा मिळून अजून २५० धरा. झाले सव्वाआठशे. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. म्हणजे रात्री दार लावून एकटे गेम खेळायला बसलात तरी खोलीत आणखी आठ पाहुणे बसल्यासारखं आहे. एक टनाचा एसी साधारण साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर टाकतो. त्याची जवळजवळ पाव ताकद तुमचा कॉम्प्युटरच खाणार. लहान खोलीत एक टनाचा एसी आधीच कसाबसा पुरत असेल, तर नवतप्यात त्याचा कॉम्प्रेसर थांबणारच नाही.

परीक्षणात कार्डाचं तापमान लिहिलेलं असतं, ते कसं वाचायचं? त्यातून खोलीचं तापमान वजा करायचं. समजा २२ अंशांच्या खोलीत कार्ड ७२ वर थांबलं. म्हणजे ते खोलीपेक्षा ५० अंश वर गेलं. पंखा तेवढ्याच वेगाने फिरत राहिला तर हा फरक जवळपास तेवढाच राहतो. आता तेच कार्ड ३७ अंशांच्या खोलीत ठेवा : ८७. एनव्हिडियाने दिलेली कमाल मर्यादा ५०८० ला ८८ आणि ५०९० ला ९० अंश आहे. तिच्या जवळ गेलं की कार्ड आधी पंखे जोरात फिरवतं आणि तरी भागलं नाही तर स्वतःचा वेग उतरवतं. जळत नाही, घाबरू नका. पण दोन लाख मोजून घेतलेला वेग भर उन्हाळ्यात तुम्हाला पूर्ण मिळत नाही आणि वर विमानतळाजवळ राहिल्यासारखा आवाज.

इथे कूलरवाल्यांसाठी थोडं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे अजून बहुतेक घरांत कूलरच आहे. कूलर चालतो तेव्हा खिडकी उघडी असते आणि हवा सतत बाहेर जात असते. त्यामुळे कॉम्प्युटरची उष्णताही तिच्याबरोबर जाते. एसीच्या बंद खोलीसारखी ती साचत नाही. हा फायदा. पण ती हवा ओलसर असते आणि तिच्यात धूळ असते. अहिवारा म्हणजे चुनखडीचा पट्टा. नंदिनीच्या खाणीतून भिलाईच्या पोलाद कारखान्याला चुनखडी जाते, सिमेंटचे कारखाने आजूबाजूला आहेत, ट्रकची ये-जा आहे. अशी बारीक धूळ ओलसर हवेबरोबर कार्डाच्या पत्र्यांत शिरली की नुसती बसत नाही, चिकटते. कोरडी धूळ फुंकरीने जाते, ही ब्रशने सोडवावी लागते. तेव्हा कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, पुढच्या पंख्यांवर जाळी असलेलंच घ्या आणि ती जाळी उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी झटका. ब्लोअरने साफ करताना कार्डाचा पंखा बोटाने धरून ठेवा. तो हवेने भरधाव फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं.

जुलैत हवा दमट झाली की कूलर नावालाच उरतो, हेही हिशेबात धरा.

पुढचा मुद्दा वायरीचा. ५०९० ला वीज देणारा सोळा पिनांचा छोटा जोड असतो. ५७५ वॅट १२ व्होल्टवर म्हणजे सुमारे ४८ अँपिअर. ते सहा तारांत वाटले तर प्रत्येकीत आठ. एका पिनची सोसण्याची ताकद नऊ-साडेनऊच्या आसपास. म्हणजे हातात फारसं काही राहत नाही. जोड नीट बसला नाही, एखाद्या पिनचा स्पर्श कमी झाला, की उरलेल्यांवर भार वाढतो आणि प्लास्टिक वितळतं. २०२२ मध्ये ४०९० चे जोड असे वितळल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. नंतर जोड सुधारला, तरी २०२५ मध्ये ५०९० च्या बाबतीतही काही तक्रारी आल्याच. म्हणून जोड शेवटपर्यंत, आवाज येईपर्यंत दाबायचा, तोंडाशी तार वाकवायची नाही आणि स्वस्तातला अ‍ॅडॉप्टर मध्ये घालायचा नाही. ५०८० ला हाच जोड आहे, पण भार ३० अँपिअरचा, त्यामुळे बराच मोकळेपणा मिळतो. ९०७० एक्सटीच्या बहुतेक मॉडेलांना जुने, जाडजूड आठ पिनांचे जोड असतात. दिसायला साधे, पण माझ्या मते हा त्या कार्डाचा मोठा गुण आहे आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

एसएमपीएस ५०९० ला १००० वॅटचा, ५०८० ला ८५० चा, ५०७० टीआय आणि ९०७० एक्सटीला ७५० चा, असं कंपन्या सांगतात. यात काटकसर करू नका. साधा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. लाइट गेली की गेम चालू असलेला ५०९० चा संच त्याच क्षणी बंद. मोठा यूपीएस, तोही शुद्ध साइन वेव्हचा, घ्यायचा तर तो खर्च कार्डाच्या किमतीतच धरा. कूलर, कॉम्प्युटर आणि पडदा एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर तर नकोच. आणि अर्थिंग आधी तपासून घ्या.

बिलाचं गणित सोपं आहे. रोज चार तास खेळलात तर ५०९० चा संच महिन्याला साधारण १०० युनिट खाईल, ५०८० चा ७३, ५०७० टीआय किंवा ९०७० एक्सटीचा ६६. छत्तीसगडात २०१९ पासून घरगुती वापराला पहिल्या ४०० युनिटपर्यंत अर्धं बिल होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये ती मर्यादा १०० युनिटवर आणली गेली आणि वर्षअखेरीस २०० वर नेली. बारीक नियम तुमच्या बिलावर बघा. पण घरात पंखे, फ्रिज, कूलर चालू असताना हे वरचे १०० युनिट मर्यादेच्या कुठल्या बाजूला नेतात, हे घरचं बिल भरणाऱ्यांना विचारल्याशिवाय कार्ड आणू नका.

मग घ्यायचं काय? १४४० चा पडदा आणि कूलरची खोली असेल तर मी ९०७० एक्सटी किंवा ५०७० टीआयच्या पुढे जाणार नाही. साध्या खेळात दोघांत फरक थोडाच आहे. रे ट्रेसिंग, म्हणजे उजेड-सावली खऱ्यासारखी दाखवण्याचं काम, ज्याला हवंच आहे, 'सायबरपंक २०७७' सारखा गेम सगळं चालू करून खेळायचाय, त्याने ५०७० टीआय घ्यावं. तिथे एनव्हिडिया स्पष्ट पुढे आहे. ५०८० हे ५०७० टीआयपेक्षा ४के वर साधारण १५ टक्के पुढे आहे आणि जाहीर किमतीत ३४ टक्के महाग, तेव्हा मला ते या सगळ्यात कमी पटतं. ५०९० घ्यावं ते ज्याच्याकडे ४के चा वेगवान पडदा आणि एसीची खोली आहे, किंवा ज्याला ब्लेंडर, एआय अशा कामांसाठी ३२ जीबी मेमरीचा खरोखर उपयोग आहे. नुसतं मित्राला दाखवायला घ्यायचं असेल, तर मित्राला दुसरं काही दाखवा.

आणि कोणतंही घेतलंत तरी पहिल्याच दिवशी एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर घाला. त्यात पॉवर लिमिटची पट्टी आहे. ती ८० टक्क्यांवर आणा : ५०९० चे ५७५ वॅट ४६० होतात, ५०८० चे ३६० होतात २८८. फ्रेम मात्र वीस टक्के उतरत नाहीत, सहसा थोडक्याच टक्क्यांनी उतरतात. कारण वेगाची शेवटची पायरी चढायलाच कार्ड सगळ्यात जास्त वीज उधळतं. तुमच्या आवडत्या गेममध्ये एकाच जागी उभे राहून १००, ९० आणि ८० वर फ्रेम, तापमान आणि पंख्याचा वेग वहीत लिहून घ्या. मग दोन प्रोफाइल जतन करा : एक होळीपासून मृगापर्यंतचं, दुसरं उरलेल्या वर्षाचं.